मेडिकलवाल्या दादांना, स्ट्रिपवर ‘फक्त रविवार’ लिहून दिल्याबद्दल

दादा,

नाव लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. गेल्या वर्षीच्या त्या शनिवारी मी तुमच्या काउंटरवर तोंड आल्यावर लावायचं जेल मागायला आले होते. जिभेच्या कडा सोलल्यासारख्या झाल्या होत्या, पाणीसुद्धा झोंबत होतं. जेल हातात देण्याआधी तुम्ही विचारलंत, “मावशी, सध्या कसल्या गोळ्या चालू आहेत?”

तुम्ही ते विचारलं म्हणून आज मी हे पत्र लिहितेय.

मला नऊ वर्षं सोरायसिस आहे. आधी कोपरांवर होता, मग नडग्या, पाठ, डोकं. लाल जाड चट्टे आणि त्यावर चांदीसारख्या खपल्या. खाजवलं की बारीक बारीक रक्ताचे ठिपके यायचे. मी घरून पोळ्या करून देते. उंडा लाटताना बाही वर सरकली की समोरच्या बाईची नजर परातीवरून कोपरावर जायची आणि दुसऱ्या दिवसापासून डबा बंद. हा रोग लागत नाही, हे किती जणींना समजावणार! मलमं वर्षानुवर्षं लावली. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी माझा तळहात अंगावर ठेवून मोजलं. बोटांसकट एक तळहात म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. माझे चौदा भरले. दहाच्या वर गेलं की नुसत्या मलमावर भागत नाही म्हणाले, आणि मेथोट्रेक्सेट लिहून दिलं.

दोन गोळ्या होत्या, दोन्ही बारीक आणि पिवळ्या. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, रविवारी. फॉलिक अॅसिड, म्हणजे एक जीवनसत्त्व, बाकीचे सहा दिवस. डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं. घरी आल्यावर मी उलटं केलं. रविवारी फॉलिक घेतली आणि सोमवारपासून शुक्रवारपर्यंत रोज मेथोट्रेक्सेट.

तुम्ही मला स्ट्रिपा आणायला परत घरी पाठवलंत. रिकामी भोकं बोटाने मोजलीत. एक, दोन, तीन, चार, पाच. तुमचा चेहरा बदलला, पण आवाज बदलला नाही. चिठ्ठीवरचा नंबर लावून डॉक्टरांशी बोललात, शटर अर्धं ओढलंत आणि स्कूटरवरून मला दवाखान्यात नेलंत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या. उतारा म्हणून फोलिनिक अॅसिडची इंजेक्शनं सुरू झाली. पाचव्या दिवशी घरी आले.

तिथे पडल्या पडल्या मला सगळं समजलं. चांगल्या कातडीला नवं व्हायला महिनाभर लागतो, सोरायसिसची काही दिवसांतच वर येते. मेथोट्रेक्सेटची गोळी फॉलिकचं काम अडवून ती घाई थांबवते. पण तोंडातली नाजूक त्वचा आणि हाडांत जे रक्त तयार होतं तेही भरभरच वाढतं, म्हणून रोज घेतली की पहिला फटका तिथेच बसतो. माझं तोंड आलं ते उष्णतेने नव्हतं. घरातले सगळे मला सब्जा आणि गुलकंद देत होते.

नंतर डॉक्टरांनी अप्रेमिलास्टही सुचवलं होतं. ती दिवसातून दोनदा घ्यायची गोळी. सुरुवातीला मळमळ आणि जुलाब होतात, पण रक्ताच्या तपासण्या इतक्या लागत नाहीत. मला खर्च झेपणारा नव्हता. रक्त जागेवर आल्यावर मी मेथोट्रेक्सेटच पुन्हा धरलं, भीत भीत. तेव्हा तुम्ही स्ट्रिपवर काळ्या मार्करने ‘फक्त रविवार’ लिहिलंत, फॉलिकवर ‘सोम ते शनि’. आणि म्हणालात, रविवार कॅलेंडरवर लालच असतो मावशी, चुकणार नाही.

पुढेही लक्ष ठेवलंत. लघवीची जळजळ होते म्हणून मी नेहमीची गोळी मागितली, तर ती दिली नाहीत. सल्फाची ती गोळी मेथोट्रेक्सेटबरोबर घेतली तर पुन्हा तेच होईल, डॉक्टरांना विचारून दुसरी घ्या म्हणालात. रक्त आणि लिव्हरच्या तपासणीची तारीख माझ्या आधी तुमच्या लक्षात असते.

चार महिन्यांनी कोपरं साफ झाली. नडगीवर दोन चट्टे अजून आहेत. हा आजार मुळासकट जात नाही, आटोक्यात राहतो, हे मला मान्य आहे. पोळ्यांचे सहा डबे परत आले. मी बाही दुमडून लाटते.

आणि एक सांगायचं राहिलं. आधीसुद्धा, चट्टे भरात असताना, सुट्टे पैसे तुम्ही काउंटरवर ठेवून सरकवायचा नाहीत. माझ्या तळहातावर ठेवायचात. तेव्हा मी काही बोलले नाही, पण घरी जाऊन रडले होते.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींना सांधेदुखीवर हीच गोळी सुरू झालीय. परवा मी त्यांची स्ट्रिप मागून घेतली, चिठ्ठी सुनेकडून दोनदा वाचून घेतली आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘फक्त बुधवार’.

तुमची,
पोळीवाली मावशी