तिसरं इंजेक्शन राहिलंय, अण्णा

तीर्थरूप अण्णा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

संतोष उद्या पहाटेच्या गाडीनं गावी निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. फोनवर मी इंजेक्शनचा विषय काढला की अण्णा "हां हां, बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. कागद तसा सरकवता येत नाही. चष्मा लावा आणि शेवटपर्यंत वाचा.

सोमवारी रेबीजचं तिसरं इंजेक्शन होतं. टोळी आली, उसाला कोयता लागला, ट्रॉली भरायची होती, हे आईनं सांगितलं. तोड मिळवायला यंदा किती मिनतवाऱ्या केल्यात तेही मला ठाऊक आहे. पण तोड मंगळवारी संपली आणि आज गुरुवार आहे. म्हणजे अडलंय ते उसामुळं नाही. तुमच्या मनात वेगळंच आहे: मला कुत्रं चावलेलंच नाही, मग इंजेक्शनं कशाची?

चावलं आपल्या म्हशीला, चंद्रीला. दिवाळीत रात्री कुठलंसं कुत्रं गोठ्यात शिरलं आणि तिच्या मागच्या पायाला लागलं. आपण हळद दाबली, आठ दिवसांत जखम सुकली, विषय संपला. मी तेव्हा घरीच होते. इतकी वर्षं नर्स म्हणून काढली, पण चावलेल्या जनावरालाही लगेच इंजेक्शनांचा कोर्स देतात हे त्या फराळाच्या गडबडीत मला सुचलं नाही. ते अजून टोचतंय.

मग संक्रांतीच्या तोंडावर तिनं वैरण सोडली. लाळ गळायला लागली, हंबरणं घोगरं झालं, बादलीत तोंड घालायची पण घोट उतरायचा नाही, मागचे पाय लटपटायचे. घशात वाढ्याचं कांडं अडकलं असणार म्हणून तुम्ही कोपरापर्यंत हात घालून चाचपलंत. जिवाला लावलेल्या म्हशीसाठी कुणीही तेच करेल, आणि घात इथंच होतो. पिसाळलेलं कुत्रं लांबून ओळखू येतं, त्याला सगळे वाट सोडतात. म्हैस पिसाळली की दरवेळी अंगावर येतेच असं नाही. कितीदा ती नुसती घशात काही अडकल्यासारखी दिसते आणि आपण आपणहून हात आत घालतो. त्यात तुमची बोटं उसाच्या पाल्यानं चिरलेली. चिरलेल्या कातडीला अशी लाळ लागणं डॉक्टरांच्या हिशेबी सगळ्यात वरच्या, तिसऱ्या प्रकारात मोडतं. खोल चावा ज्या रकान्यात लिहितात, त्याच रकान्यात. म्हणून पहिल्या दिवशी नुसती लस न देता बोटांच्या चिरांशी ते ठणकणारं सीरमही टोचलं.

"चंद्री पिसाळली होती हे कुठं सिद्ध झालंय?" असं तुम्ही आईला म्हणालात. बरोबर आहे, सिद्ध झालेलं नाही. मेंदूचा नमुना तपासल्याशिवाय ते पक्कं कळत नाही आणि तिला तर आपण खड्ड्यात पुरलं. कुत्रं किंवा मांजर चावलं तर दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवता येतं. ते ठणठणीत राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरतात. आपल्याकडं लक्ष ठेवायला उरलंय कोण? ते कुत्रं परागंदा झालं आणि म्हैस गेली.

दुसरं तुमचं म्हणणं, दहा दिवस झाले, मला काही झालं नाही. अण्णा, चंद्रीलाही दोन महिन्यांच्या वर काही झालं नव्हतं. हा आजार रक्तातून धावत नाही. शिरलेल्या जागेपासून मज्जातंतूंच्या कडेकडेनं, कासवाच्या चालीनं मेंदूकडं जातो. माणसात बहुतेकदा एक ते तीन महिने लागतात, कधी त्याहून कमी, कधी वर्षाच्याही पुढं. तो वाटेत आहे तोवरच लसीला काम करता येतं. एकदा मेंदूत पोचून लक्षणं दिसली, की मग जगातल्या कुठल्याच दवाखान्यात खात्रीचा इलाज नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षात मी असा एक पेशंट पाहिला. तुम्हाला कधी सांगितलं नाही. चाळिशीचा माणूस, पूर्ण शुद्धीत, माझ्याशी मुलांच्या शाळेबद्दल बोलत होता. मी पाण्याचा पेला पुढं केला आणि त्याचा घसा असा आवळला की पुढं मला बघवेना. पंख्याचा वारा लागला तरी तेच. त्याला तहान लागली होती. यापुढचं लिहीत नाही.

आता 1988 आठवा. मी तिसरीत होते, भिलवडीच्या बाजारात कुत्र्यानं माझी पोटरी फोडली. आजी मिरची-चुना घेऊन बसली होती, शेजारच्या आप्पांनी झाडपाल्याचं औषध आणलं होतं. तुम्ही दोघांनाही हात लावू दिला नाहीत. चौदा दिवस सांगलीच्या सिव्हिलला नेलंत, रोज, पोटात इंजेक्शन घ्यायला. ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून करायचे, टोचलं की पोटाला गाठी यायच्या आणि मी एसटीत परतीला रडत बसायची. सुगीचे दिवस होते. ज्वारी काढणीला आली होती, तरी एक दिवस चुकवला नाहीत. दर दिवशी स्टँडवर मला भडंगाची पुडी.

ती लस 2004 च्या अखेरीस आपल्या देशात बनवायचीच बंद झाली. आताची कातडीत टोचतात, दोन्ही दंडांत थेंब थेंब, शून्य, तीन, सात आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. चौदाच्या जागी चार खेपा, त्यातल्या दोन झाल्यात. सातव्या दिवसाची चुकली म्हणून पहिल्यापासून सुरू करायला लागत नाही, राहिलेली घेऊन पुढं जायचं. मात्र आता आणखी लांबवायची नाही.

आई, तू दुधाचा घोर सोड. शेजारच्या बाळाला चंद्रीचं दूध दिलंस म्हणून तू दोन रात्री झोपली नाहीस असं संतोष म्हणाला. तापवलेल्या दुधातून हा आजार जात नाही, उकळीत विषाणू टिकत नाही. बाळाच्या आईलाही तसं सांग. तुझ्याबद्दल मात्र मला विचारायचंय: लाळेचं घमेलं तू घासलंस तेव्हा हाताला कुठं चीर, भेग होती का? नसेल तर काळजी नाही. असेल किंवा आठवत नसेल, तर उद्या तूही अण्णांबरोबर जा आणि डॉक्टरांना हेच सांग. पुढं कधी काही चावलं, ओरखडलं, तर आधी साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, चुना, तेल काही नाही.

औदुंबरच्या कुत्र्यांचं. अण्णा, दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत हे मला ऐकवू नका, मी त्यांना हाकला म्हणत नाही. गुरुवारची भाकरी खुशाल घाला. पण आपल्या काळ्याला दरवर्षी लस द्या आणि ग्रामपंचायतीत गावातल्या सगळ्याच कुत्र्यांच्या लसीचं बोला. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर त्यांच्यातली साखळी तुटते, माणसं आपोआप वाचतात. शेजारच्या गोव्यानं मुख्यतः याच वाटेनं जाऊन 2021 मध्ये रेबीज आटोक्यात आल्याचं जाहीर केलं. नुसती कुत्री मारून हे जमत नाही. तुमचा शब्द गावात ऐकतात, म्हणून तुम्हाला सांगतेय.

माझी या आठवड्यात रात्रपाळी आहे, नाहीतर मीच आले असते. उद्या संतोष पोचला की चहा घ्या आणि त्याच्या गाडीवर बसून सरकारी दवाखान्यात जा. कार्ड टीव्हीमागच्या पिशवीत आहे, आईनं सांगितलंय. चौथं कधी ते तिथं कार्डावर लिहून देतील, त्याचा फोटो मला पाठवायला लावा.

येताना स्टँडवर थांबा. भडंगाचे पैसे संतोषकडं दिलेत.

तुमची,
ताई