नांदेडच्या प्रयोगानंतर

अंबाजोगाई

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

परवा पहाटे चहा अर्धा टाकून निघालास. बाबा दारातून हाका मारत होते, तू वळून बघितलं नाहीस. नांदेडला तुझा मनातलं ओळखायचा प्रयोग बघून येताना गाडीत जे झालं ते फोनवर काढलं तर पुन्हा तोडून बोलणं होईल, म्हणून लिहायला बसले. त्या बाईचं एकदाच लिहिणार आणि सोडून देणार.

आधी चांगलं ते. शंकरराव चव्हाण प्रेक्षागृहात त्या म्हाताऱ्या हेडमास्तरांच्या मनातलं नाव तू पाटीवर लिहिलंस, त्यांच्या पहिलीच्या गुरुजींचं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. माझ्या शेजारची पोरगी म्हणाली, "अगं माय, ह्याला कसं काय कळालं!" हा माझा लेक आहे असं ओठांवर आलं होतं. मागच्या दसऱ्याला नोकरी सोडतो म्हणालास तेव्हा बाबांनी किती दिवस अबोला धरला होता, तुला माहीतच आहे. तेच बाबा प्रयोगाच्या मध्यंतरात ओळख ना पाळख, लोकांना चहा पाजत फिरत होते. वर्षभर तू काय काय केलंस! कॉलेजची गॅदरिंग झाली, गणपती मंडळं झाली, कारखान्याचा कार्यक्रम झाला. पुण्याच्या कंपन्यांच्या पार्ट्यांत तर लोक ताट घेऊन पाठमोरे बसायचे म्हणे, तिथंही उभा राहिलास. कुणाचा वशिला नव्हता तुला.

पण ती बाई.

मागच्या दारापाशी थांबली होती. कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेला फोटो काढला तिनं, कोपरे झिजलेला. लेक घर सोडून गेलेला. "दादा, तुम्हाला मनातलं कळतं, एवढं सांगा, येईल का?" तू तिचा हात धरलास आणि म्हणालास, "येईल." ती तुझ्या पाया पडली. माझ्या वयाची बाई, आणि तुझ्या पाया!

"तिला तेवढाच धीर, मी पैसे घेतले का?" असं तू विचारलंस. नाही घेतलेस. चमत्कार दाखवून पैसे उकळणाऱ्यांसाठी 2013 चा कायदा आहे, दाभोलकरांचा जीव गेल्यावर झाला. तू त्यातला नाहीस, ते मला कुणी सांगायला नको. माझा घोर निराळा आहे.

उन्हाळ्यात मी कपाटाची किल्ली ज्वारीच्या कोठीत लपवली होती, आठवतं? तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालास, "फक्त जागा मनात आण." मी तोंड गच्च मिटून चालत होते. देवघराकडं वळलास तर माझा हात जड झाला, कोठीकडं वळलास तर सैल सुटला. मला पत्ताच नाही! कोठीत कोपरापर्यंत हात घालून किल्ली काढलीस आणि सगळं उलगडून सांगितलंस, की माणसाचा हात त्याच्या नकळत चुगली करतो. बर्लिनच्या त्या हान्स घोड्याचं तेव्हाच सांगितलंस. खुरानं टापा मारून गणितं सोडवायचा. 1907 मध्ये फुंग्स्ट नावाच्या माणसानं शोधून काढलं, की बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं जरासं हलतं आणि घोडा ते बघून थांबतो. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की घोडा चुकायचा. मी म्हटलं, आपला नंदीबैल! तू सहा वर्षांचा असताना दारात नंदीवाला आला, पाऊस पडेल का म्हणून सगळी गल्ली विचारत होती, बैल मान हलवत होता, आणि तू एकटाच ओरडलास, "आई, त्यानं कासरा ओढला!" नंदीवाल्यानं तुझ्याकडं जे बघितलं! आजीनं त्याला सूपभर जास्त ज्वारी घातली.

भरकटले. सांगायचं होतं ते त्या घोड्याच्या मालकाचं. फॉन ओस्टेन लबाड नव्हता. त्याला स्वतःलाच खरं वाटायचं, आणि दाखवून दिल्यावरही त्यानं मानलं नाही.

बन्सीमामाच्या शेतात नारळवाला पाणाड्या आला होता तेव्हा तू पोटात होतास. तळहातावर आडवा नारळ घेऊन अनवाणी चालायचा. नारळ उभा राहिला की तिथं बोर. त्याचा हात मी हातभर अंतरावरून बघितलाय, बोटं ताठ, कपाळावर घाम. पाणी लागल्याशिवाय पैसे घेत नसे. आपल्याकडं खाली काळा पाषाण, भेगेत पाणी गावलं तर गावलं. एक बोर कोरडा गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला मामानं मामीच्या पाटल्या मोडल्या. सहाशे फुटांवरही नुसता धुरळा. पाणाड्या बांधावर डोकं धरून बसला होता. नारळ उभा राहिला तो त्याच्याच हातानं, पण त्याला ते माहीत नव्हतं. मामाचं पुढं काय झालं ते लिहीत नाही.

"येईल" म्हणताना मी तुझा चेहरा बघितला, अमोल. तू थाप मारत नव्हतास. त्या घटकेला तुला खरंच वाटलं होतं, की येईल. वर्षभर हजारो माणसं तुझ्याकडं डोळे विस्फारून बघतायत, त्यात तुझं तुलाच खरं वाटायला लागेल, हाच माझ्या जिवाला घोर आहे.

तेव्हा ऐक. प्रयोगाच्या सुरुवातीलाच सांगत जा, की मला भविष्य कळत नाही, ही सरावाची कला आहे. बोरचं पाणी, पोरीचं लग्न, दुखणं आणि हरवलेलं माणूस, ह्यावर कुणी काही विचारलं तर हात जोडायचे. माणूस अडला की काहीही लागू करून घेतो. 1948 मध्ये फोरर नावाच्या प्राध्यापकानं सगळ्या पोरांना एकच मजकूर स्वभाव म्हणून वाटला आणि पोरांनी त्याला पाचातले सव्वाचार गुण दिले, हे तूच वाचून दाखवलंस ना? ज्याला एवढं कळतं त्यानं

जाऊ दे. शाळा सुटली तरी माझी मास्तरकी सुटत नाही. रागावू नकोस. तुझी विद्या तू माझ्यापेक्षा जास्त जाणतोस, आणि धीर देणं वाईट असं मी कुठं म्हणते? तिच्याजवळ बसायचं होतंस, लेकाचं नाव विचारायचं होतंस. त्यानंही धीर येतो. पण "येईल" ह्या शब्दावर ती आता दार उघडं ठेवून बसली असेल. शोधायचीही थांबली असेल.

बघ, पुन्हा तिथंच आले.

धपाटे आणि शेंगाची चटणी ताईच्या हाती पाठवतेय, ती शनिवारी पुण्याला येतेय. बाबांची साखर वाढलीय, पण ते तुला सांगू देत नाहीत. त्यांना एक फोन कर, सकाळी कर.

आणि निघताना त्या बाईनं तुला चिठ्ठीवर नंबर लिहून दिला होता, तू शर्टाच्या खिशात घातलास. धुवायला टाकायच्या आधी काढ आणि मला पाठव. पोलिसांत बेपत्ता म्हणून नोंद केली का, फोटो दिला का, एवढं मी तिला विचारते. नसेल केली तर नांदेडला जाऊन तिच्याबरोबर ठाण्यात जाईन. तूही आलास तर बरं होईल. तिला तूच सांगितलं पाहिजेस, की तुला माहीत नव्हतं.

तुझी
आई