ती कुंभारीण नव्हतीच

प्रिय सुध्या,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही. भेटलास की हव्या तेवढ्या शिव्या घाल. इकडे सगळे बरे, आईचा गुडघा तसाच.

लिहायला बसलो ते एका माशीमुळे. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

परवा परसातल्या एकदांडीवर एक किडा घोटाळत होता. कंबर सुतासारखी, लांबट पोट, मागचे पाय लोंबते. कुंभारीण, म्हणजे मातीचं घर करणारी गांधीलमाशी, म्हणून सवयीने तीन फोटो काढले. रात्री फोटो मोठा करून पाहिला आणि झोपच उडाली. पंखांची एकच जोडी! कुंभारणीला दोन जोड्या हव्यात. इथे मागच्या पंखांच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढ्या दोन घुंड्या, आणि तोंडापुढे सुईसारखी सरळ सोंड. सुध्या, ही माशी आहे! बॉम्बिलिइडी कुळातल्या सिस्ट्रोपस गटातली. याच कुळातल्या आपल्या ओळखीच्या बी-फ्लाय माश्या गुबगुबीत, केसाळ, आखूड मिशांच्या. ही त्यांचीच बहीण, पण अंग गुळगुळीत आणि मिशा लांब. हुबेहूब गांधीलमाशीचं सोंग.

आणि हिच्या अळ्या वाढतात कुणावर? तुझ्या घोणस अळीच्या कुळावर! आतून पोखरतात, आणि कोशातून पतंगाऐवजी माशी बाहेर पडते. 2022 च्या सप्टेंबरात आठवतं? उसाच्या बांधाबांधावर जाऊन तू सांगत होतास, घाबरू नका, या अळीने माणूस मरत नाही. तेव्हा आपल्याला हे ठाऊक असतं तर!

आता घोडं अडलंय सिस्ट्रोपसमधली नेमकी जात कोणती यावर. ब्रुनेटीचा भारतातल्या माश्यांवरचा 1920 चा खंड घेऊन दोन रात्री बसलो. छातीवरचे पिवळे डाग, पायांचे रंग, नराचे जननभाग, सगळं बघावं लागतं. माझे तिन्ही फोटो डाव्या बाजूचे, त्यातही पाय पानाआड. फोटोवरून सिस्ट्रोपसपर्यंत पोचलो, पुढे नाही. किडा हातात हवा.

हातात म्हणजे मारलेला. आंबोलीला तू माझी किडे मारायची बाटली दरीत भिरकावलीस, आपण पाच महिने बोललो नाही, आणि शेवटी यापुढे किडा मारणार नाही असा मी तुला शब्द दिला. (बाटली माझी नव्हती, कॉलेजची होती. दंड मी भरला, तो अजून येणं आहे.) तो शब्द आजवर पाळलाय. पण ही रोज दहाच्या सुमारास त्याच एकदांडीवर येते. जाळी दाराआड आहे. काल दोनदा हातात घेतली, दोनदा ठेवली. एकच दिसते रे, दुसरी नाही. हिलाच मारून हिचं नाव शोधायचं?

चिनूची ॲडमिशन झाली ना? शाब्बास म्हणावं. घराचा स्लॅब पडला का? वहिनींना नमस्कार.

रविवारी ये. तुझा मॅक्रो लेन्स आण, उजव्या बाजूने तू बस, डावीकडून मी. त्यातूनही डाग दिसले नाहीत तर काय करायचं ते तू सांग. तोवर जाळीला हात लावत नाही.

तुझा,
बाळ्या