मुलांचं वय विचारणाऱ्या डॉक्टरताईंस

आदरणीय डॉक्टरताई,
सप्रेम नमस्कार.

दादाच्या मोठ्या आतड्यातला पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेला मांसाचा कोंब, वेळेत निघाला तो तुमच्यामुळे. चार लोकांना कळावं म्हणून हे उघड पत्र.

आप्पांना आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा ते ५२ वर्षांचे होते. संडासातून रक्त जायचं, आणि मूळव्याध समजून गावठी औषधं चालायची. ते गेले तेव्हा भेटायला अख्खं गाव आलं, पण 'मुलांची वयं काय?' हे फक्त तुम्ही विचारलंत. आई-वडील, भाऊ-बहीण यांच्यापैकी कुणाला हा आजार झाला असेल, तर वयाच्या ४०व्या वर्षी किंवा त्यांना झाला त्या वयाच्या १० वर्षं अलीकडे, जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठ्या आतड्याची तपासणी करायची, हे ओट्यावर बसून समजावलंत. दादा चाळिशी ओलांडलेला. "माले काय बी तरास नई, मंग कसाले तपासू?" हा त्याचा हेका. त्रास नसतानाच करायची ही तपासणी, असं तुम्ही ठामपणे सांगितलंत. पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं जातात, आणि तोवर माणसाला बहुतेकदा काहीच जाणवत नाही.

कापूस वेचणीचे दिवस होते. वहिनीने मजूर सांभाळले आणि आम्ही धुळ्याला गेलो. आदल्या रात्री पोट साफ करायच्या औषधाने दादा बेजार झाला. तपासणी मात्र झोपेच्या इंजेक्शनमुळे त्याला कळलीसुद्धा नाही. पॉलिप त्याच नळीतून तारेच्या फासाने काढला. रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता, पण पुढे होऊ शकला असता, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. तो रिपोर्ट आईने देवघरात ठेवलाय.

घरात कुणाला हा आजार नसला तरी अमेरिकेत २०२१पासून ४५व्या वर्षीच तपासणी सुरू करायला सांगतात: दरवर्षी शौचातल्या न दिसणाऱ्या रक्ताची, नाहीतर १० वर्षांनी एकदा कोलोनोस्कोपी. आपल्याकडे तिशीपुढच्यांची सरकारी तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची होते. आतड्याची त्यात नाही. म्हणून आपल्या भागात तुमच्यासारखं कुणीतरी आपणहून विचारणं फार मोलाचं आहे. संडासाबद्दल बोलायला लोक लाजतात. तुम्ही आईसमोर, वहिनीसमोर इतकं सहज बोललात की आमचाही संकोच गेला.

ताईला नाशिकला फोनवर सगळं सांगितलंय, पण ती टाळते. दिवाळीला माहेरी आली की तुमच्याकडे घेऊन येतो. तिच्याशी तुम्हीच बोला.

तुमचा ऋणी,
आप्पांचा धाकटा