बाबांचा पट्टा, आईची वही

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, तुमच्या पार्किन्सनसाठी आठवडाभर मनगटाला पट्टा आणि कमरेला सेन्सर लावून हालचाल मोजायची म्हटलं, तर "आता माझ्यावर पाळत ठेवणार का?" असं विचारून तुम्ही परवा फोन ठेवलात. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहिते.

मागच्या तपासणीला मी सोबत होते. नाव पुकारल्यावर तुम्ही ताठ उठलात आणि हात झुलवत चालून दाखवलंत. डॉक्टर खूश! परतताना दारातच पाय जमिनीला चिकटले, तेव्हा आईने "एक-दोन, एक-दोन" म्हणत तुम्हाला बाहेर काढलं. डॉक्टरांनी ते पाहिलंच नाही. सहा महिन्यांत त्यांना मिळतात वीस मिनिटं, तीही नेमकी गोळी चढलेली. त्यावरून त्यांनी डोस ठरवायचा तरी कसा? तुम्ही मुद्दाम करत नाही हे मला कळतं. डॉक्टरांसमोर भल्याभल्यांची चाल सुधारते.

गोळीतलं लेव्होडोपा साधारण दीड तासात रक्तात निम्म्यावर येतं. आजाराच्या सुरुवातीला मेंदूतल्या उरलेल्या पेशी त्याचं डोपामिन (हालचालीला लागणारं रसायन) करून साठवतात आणि पुरवून पुरवून वापरतात. म्हणून तेव्हा तुमचा दिवस तीन गोळ्यांत निघायचा. आता साठवणाऱ्या पेशीच कमी झाल्यात. रक्तातलं औषध उतरलं की तुम्हीही उतरता. आईला वाटतं गोळ्या जुन्या झाल्या. तसं नाहीये गं.

हे चढणं-उतरणं दिवसात नेमकं कधी होतं, एवढंच त्या पट्ट्याला पाहायचं आहे. मनगटाची हालचाल तो सेकंदाला कितीतरी वेळा टिपतो. स्वस्थ ठेवलेल्या हाताची थरथर सेकंदाला 4 ते 6 वेळा होते. औषध जास्त झालं की अंग आपोआप डोलतं, वळवळतं, पण ती हालचाल संथ आणि बेशिस्त असते. दोन्ही वेगळ्या ओळखता येतात त्या यावरूनच. डोळ्यांना दोन्ही "हलणं"च दिसतं आणि त्यांचे उपाय तर उलटे! एकात औषध कमी पडतंय, दुसऱ्यात जास्त होतंय.

कमरेचा सेन्सर चाल मोजतो: पाऊल किती लांब, वळायला किती वेळ. गोळी लागू झाली की पाऊल लांबतं, वेग वाढतो. तोल मात्र गोळीला फारशी दाद देत नाही. मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तोल जातो म्हणून डोस वाढवत गेलो, तर पडणं थांबेलच असं नाही, अंग डोलणं मात्र वाढेल. तोलासाठी व्यायामच करावा लागेल, आणि तो तुम्ही टाळता. (हे आईने सांगितलेलं नाही. मी पाहिलंय.)

पण यंत्र काही शहाणं नसतं. दात घासणं त्याला थरथर वाटू शकतं, आणि तुम्ही निवांत वाचत बसलात तर ते म्हणेल, बाबा मंदावले. म्हणून आई, तुझी वही हवीच. दर अर्ध्या तासाला एक खूण कर: मोकळे, जखडलेले, डोलणारे की झोपलेले. जेवणाची वेळही लिही, कारण जेवणातली प्रथिनं आणि लेव्होडोपा एकाच वाटेने आत शिरतात, आणि गर्दी झाली की औषध मागे राहतं. दुपारची गोळी "लागतच नाही" त्याचं कारण कदाचित हेच असेल.

आलेख हाती आला की त्यावरून तुम्ही दोघांनी गोळ्या कमी-जास्त करायच्या नाहीत. एकदम बंद तर मुळीच नाही. ते डॉक्टर पाहतील.

बाबा, त्या आठवड्यात मुद्दाम चांगलं चालू नका. नेहमीसारखंच राहा, दारात अडकलात तरी चालेल.

आणि आई, गोळी दिलीस ती वेळ लिहू नकोस, बाबांनी गिळली ती लिही. मागच्या वेळी सकाळची गोळी तासभर चष्म्याच्या डबीत पडून होती.

तुमची लेक