पॅथॉलॉजीच्या डॉक्टर मॅडमना, आप्पांच्या घरून

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण जाहीर कौतुक तुम्हाला आवडणार नाही एवढं आता कळलंय. पण पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितेय. आत्ता या घटकेला कितीतरी घरांत बायोप्सीच्या रिपोर्टची वाट बघणं चालू असेल. आईनं देवापुढे दिवा लावलेला, कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही, फोन वाजला की सगळे दचकतात. तो रिपोर्ट लिहिणारं माणूस कसं असू शकतं, हे त्या घरांना कळावं असं फार वाटतं.

आप्पांची डावी नाकपुडी कित्येक महिने बंद होती. मध्येच घोळणा फुटायचा आणि उशी लाल व्हायची. गावात जे करतात ते सगळं झालं: कांदा फोडून हुंगवला, डोक्यावर पाणी मारलं. दवाखानेही झाले. एकानं सायनस सांगितलं, दुसऱ्यानं ॲलर्जी, तिसऱ्यानं उष्णता. फवारे, गोळ्या, पुन्हा त्याच गोळ्या. एकाच बाजूची नाकपुडी सतत बंद आणि रक्तही त्याच बाजूनं, हे उतारवयातल्या माणसात सर्दी म्हणून सोडून द्यायचं लक्षण नव्हे. आत दुर्बीण घालून बघायलाच हवं. हे मला आज ठाऊक आहे, पण ज्यांना शिकवलेलं होतं त्यांच्यापैकी कुणालाही दुर्बीण घालावीशी वाटली नाही. याचा राग अजून गेलेला नाही आणि तो लपवायचाही नाही.

शेवटी गालावर सूज आली तेव्हा मोठ्या दवाखान्यात तुकडा काढला. रिपोर्ट आला, ‘पुअरली डिफरन्शिएटेड मॅलिग्नन्सी’. म्हणजे कर्करोग आहे, पण नेमका कसला ते ठरत नाही. पण तिथल्या सर्जननी त्याच बैठकीत वरचा जबडा काढायचं बोलायला सुरुवात केली, कदाचित डोळाही. आप्पा शेजारच्या खुर्चीवर बसलेले असताना ते माझ्याशी बोलत होते. ‘पेशंटला जरा बाहेर बसवा’ म्हणाले. आयुष्यभर एसटीत कंडक्टर म्हणून शेकडो माणसांशी बोलत आलेला माणूस, स्वतःच्या चेहऱ्याविषयीचं बोलणं चाललेलं असताना बाहेरच्या बाकावर जाऊन बसला.

ऑपरेशनची तारीख घेण्याआधी दुसरं मत घ्या, असं शेजारच्या नर्सताईंनी सुचवलं, म्हणून आप्पांचा तो तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक आणि त्याच्या कापांच्या काचपट्ट्या, म्हणजे स्लाइड्स, तुमच्याकडे पोचल्या. आम्हाला वाटलं, आता काही दिवसांनी काउंटरवर लिफाफा मिळेल. त्याऐवजी तुमचाच फोन आला. ‘मी पॅथॉलॉजीतून बोलतेय, वडिलांविषयी दोन-चार गोष्टी विचारायच्या होत्या.’ पाठ दुखते का, हाडं दुखतात का, थकवा किती, हिमोग्लोबिन किती, क्रिएटिनिन आणि कॅल्शियम तपासलंय का. इतक्या महिन्यांत आप्पांच्या नाकाखेरीज बाकीच्या आप्पांची चौकशी करणाऱ्या तुम्ही पहिल्याच. ते प्रश्न कशासाठी होते, हे नंतर उमगलं. गाठ प्लाझ्मा पेशींची असावी असा तुम्हाला संशय आला होता. तसं असेल तर तीच गोष्ट हाडांच्या मगजात सगळीकडे पसरलेली नाही ना, म्हणजे मायलोमा नाही ना, हे आधी बघायचं असतं.

आणि मग तो दिवस. रिपोर्ट न्यायला आप्पा आणि मी आलो होतो. काउंटरवरच्या मुलानं लिफाफा पुढे केला, एवढ्यात तुम्ही आतून बाहेर आलात. आप्पांच्या समोर उभ्या राहून, त्यांच्याकडे बघून म्हणालात, ‘आप्पा, तुम्हाला बघायचंय का काय आहे ते?’

मॅडम, आमच्या दृष्टीनं सगळं तिथं पालटलं. तुम्ही आप्पांना आत नेलंत. स्वतःचं स्टूल त्यांना दिलंत, सूक्ष्मदर्शकाची उंची त्यांच्या बेतानं खाली घेतलीत, चष्मा काढायला सांगितलात. दोघांना एकाच वेळी बघता येईल असं यंत्र होतं, दुसऱ्या बाजूला तुम्ही बसलात. आधी साधी स्लाइड. जांभळट अंड्याकार पेशी दाटीवाटीनं भरलेल्या, आणि प्रत्येकीचं केंद्रक मधोमध नसून एका कडेला सरकलेलं. त्या केंद्रकात घड्याळाच्या तबकडीवरच्या आकड्यांसारखे गोलात मांडलेले ठिपके. आप्पा बराच वेळ बघत राहिले. मग तुम्ही सांगितलंत की या पेशी शरीरात एरवीही असतात, नाकाघशाच्या आतल्या अस्तरातही असतात, रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं त्याच बनवतात. साध्या जंतुसंसर्गातही त्या जमतात. मग ही गाठ आहे हे ठरवायचं कसं?

त्यासाठी दोन स्लाइड्स शेजारी ठेवल्यात. एकीवर कॅपाचा डाग, म्हणजे कॅपा असलेल्या पेशीच रंगवणारी तपासणी, दुसरीवर लॅम्डाचा. प्रतिद्रव्यांच्या हलक्या साखळीचे हे दोन प्रकार. नुसती सूज असती तर दोन्ही स्लाइड्सवर पेशी रंगल्या असत्या, कुठे हा, कुठे तो. आप्पांची एक स्लाइड तपकिरी रंगानं गच्च भरलेली आणि दुसरी जवळपास कोरी. सगळ्या पेशी एकाच प्रकारच्या साखळीच्या, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेल्या. प्लाझ्मा पेशी ओळखायचा सीडी 138चा डागही आला होता, पण तो इतर काही गाठींतही येतो म्हणून तेवढ्यावर न थांबता बाकीचे डाग करून तुम्ही त्या गाठी बाजूला काढल्या होत्यात. आप्पांनी दोन्ही स्लाइड्स आळीपाळीनं पाहिल्या आणि मान वर करून विचारलं, ‘मग जबडा काढायचा का?’

हा प्रश्न त्यांनी तोवर कुणालाच विचारला नव्हता. मलाही नाही. तुम्ही म्हणालात, ‘ते उपचार करणारे डॉक्टर ठरवतील, पण ही गाठ रेडिएशनला फार चांगली दाद देते. ऑपरेशनची घाई करू नका, आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखवा.’ डोक्या-मानेच्या गाठींत ही गाठ 1 टक्क्याहूनही कमी, आणि मगजाबाहेर होणाऱ्या प्लाझ्मा पेशींच्या गाठींपैकी साधारण 80 टक्के मात्र याच नाक-सायनस-घशाच्या भागात, हेही तुम्ही त्यांनाच सांगितलंत. मी तिथे नसल्यासारखी उभी होते आणि मला त्याचं इतकं बरं वाटत होतं! आजार आप्पांचा होता, बोलणंही आप्पांशी चाललं होतं.

पुढचं थोडक्यात सांगते. मगजाची तपासणी आणि पेट स्कॅन स्वच्छ आले. गाठ एकटीच होती. जबडा काढावा लागला नाही, डोळा शाबूत आहे. रेडिएशनचे आठवडे सोपे नव्हते. चेहऱ्यावर तो जाळीचा मुखवटा आवळला की आप्पा मुठी घट्ट मिटायचे. तोंड सोलून निघालं, चव गेली, आईनं मऊ भात आणि ताक यांवर दिवस काढून दिले. पण आत काय चाललंय हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ‘त्या कडेच्या ठिपक्यांना जाळतायत’ असं ते नातवंडांना सांगायचे. भ्यायलेल्या माणसाला धीर द्या, असं जो तो म्हणतो. धीर द्यायचा तर आधी त्याला मोठं माणूस समजून खरं सांगावं लागतं, आणि त्यासाठी वेळ काढावा लागतो. तुमच्या टेबलावर त्या दिवशी स्लाइड्सचे ट्रे रचलेले होते, मी पाहिले होते. प्रत्येक ट्रेमध्ये कुणाचे तरी आप्पा असणार. तरी तुम्ही आमच्यासाठी वेळ काढलात.

काही जणांना अशा गाठीनंतर कित्येक वर्षांनी मायलोमा होतो, हे आम्हाला माहीत आहे. तेही तुम्ही झाकून ठेवलं नव्हतं. म्हणून रक्तातल्या प्रथिनांची तपासणी वेळच्या वेळी चालू आहे. ब्लॉक आणि स्लाइड्स तुम्ही सांगितल्याप्रमाणे जपून ठेवल्यात, घराच्या कागदपत्रांच्या पेटीत, आणि किल्ली आप्पांकडे आहे.

त्या पहिल्या सर्जनना मी काही लिहिणार नाही. पण तिथं शिकणारी तरुण मुलं हे वाचत असतील तर त्यांना एवढीच विनंती, की पेशंटला बाहेर बसवू नका. खुर्ची जरा जवळ ओढा.

मॅडम, आप्पांची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. तुम्हाला भेटल्याशिवाय परत फिरायचं नाही, असं त्यांनी आत्तापासून बजावलंय. त्यांना वास अजून पुरता येत नाही, पण चव आलीये, आणि यंदा शाळू चांगला उगवलाय. हुरड्याला सहकुटुंब या. शेत पंढरपूरपासून जवळच आहे, न्यायला गाडी पाठवू. तुमच्या काउंटरवरच्या त्या मुलालाही आणा, लिफाफा हातात धरून तो किती वेळ तसाच उभा होता!

आपली कृतज्ञ,
आप्पांची थोरली