सूचना : जांभळाखालच्या वाफ्यात रविवारी लागवड

सर्व सभासदांना नमस्कार,

बी विंगमागे जांभळाच्या सावलीत लॉन जगत नाही, हे आता मान्य करू या. तिथे येत्या रविवारी सकाळी ८ वाजता पांढऱ्या पट्ट्यांचा स्पायडर प्लांट आणि चितकबरा मनी प्लांट लावणार आहोत. दोन्ही बारमाही, सावलीत जमीन झाकणारे.

घरून आणा :
• मनी प्लांटच्या वीतभर फांद्या. प्रत्येकीवर निदान दोन पेरं (पान फुटतं त्या गाठी) हवीत. मुळं पेराशीच फुटतात, नुसतं पान आणू नका.
• स्पायडर प्लांटची लोंबती पिल्लं, बुडाशी मुळांचे बारीक कोंब आलेली.
• खुरपं.

ठाण्याच्या पावसात वाफ्यात पाणी तुंबतं, म्हणून माळीदादा शनिवारीच शेणखत घालून माती उंच करून ठेवतील. रोपांत ३० सेंमी अंतर ठेवा.

पुढे पूर्ण हिरवी फांदी दिसली, तर बुडापासून कापायची. हरितद्रव्य जास्त असल्याने ती जोमाने वाढते आणि चितकबऱ्या पानांना दाबून टाकते. ‘छान हिरवी आहे, राहू द्या’ म्हणू नये!

मनी प्लांटचं पान चावलं, तर तोंडाची आग होते. म्हणून झोपाळ्यांच्या बाजूला फक्त स्पायडर प्लांट. कुत्री-मांजरं पाळणाऱ्यांनीही लक्ष ठेवावं.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाकावं.

– बाग समिती